दीर्घ तरंगांवरील हौशी प्रक्षेपणात प्रारित शक्तीचे अनुमान : एक परीक्षण

२००७ साली जिनिव्हा येथे भरलेल्या जागतिक रेडिओसंचार परिषदेने १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ हा पट्टा दुय्यम हक्काने हौशी रेडिओसाठी खुला केला. पुढे २०१२ च्या परिषदेत ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झ या पट्ट्याची त्यात भर पडली. ब्रिटनमध्ये तर १३६ किलोहर्ट्झच्या आसपास हौशी प्रक्षेपण १९९८ पासूनच चालू होते. या दोन्ही पट्ट्यांचे वैशिष्ट्य असे की, तेथे मुख्य मर्यादा घातलेली आहे ती प्रक्षेपकाच्या शक्तीवर नव्हे, तर आकाशकातून, म्हणजे अँटेनातून, प्रत्यक्ष बाहेर पडणाऱ्या शक्तीवर. लघुतरंगांवर काम करणाऱ्याला हा भेद फारसा जाचत नाही. तेथे अर्धतरंग तार टांगली की पुरवलेल्या शक्तीचा बहुतेक भाग प्रारित होतो, आणि प्रक्षेपकावरील मापक जो आकडा दाखवितो तोच व्यवहारापुरता खरा मानता येतो. दीर्घ तरंगांवर हा सुखाचा समज टिकत नाही.

१३७ किलोहर्ट्झला तरंगलांबी सुमारे २,१९० मीटर भरते. घराच्या आवारात उभारलेल्या तारेला माथ्यावर आडव्या तारांचे छप्पर दिले, तरी तिची परिणामी उंची १० मीटरांच्या पलीकडे क्वचितच जाते. अशा आकाशकाचा प्रारण-रोध अवघा ०.०३३ ओहम असतो. उलट जमिनीतील आणि वेटोळ्यातील हानीचा रोध ५० ओहम असणे ही अगदी सामान्य गोष्ट होय. परिषदेने ठरविलेली १ वॅटची मर्यादा गाठावयाची, तर या तारेत सुमारे ३.२ अँपिअर प्रवाह वाहावा लागतो आणि त्यासाठी ५०० वॅटांहून अधिक शक्ती पुरवावी लागते. तीतून खरोखर प्रारित होते ती वॅटच्या एक तृतीयांशाएवढी. उरलेली सर्व माती व तार तापविण्यात खर्ची पडते. दीड हजार भागांतून एक भाग उरावा अशी ही स्थिती आहे. इतका लहान अवशेष जमाखर्चाच्या वजाबाकीने काढता येत नाही, कारण खर्चाच्या बाजूला एक टक्का चूक झाली तरी ती अवशेषाच्या पंधरापट असते. प्रारित शक्तीचे अनुमान हा एक स्वतंत्र प्रश्न होऊन बसतो तो यामुळे.

या प्रश्नाकडे जाण्याच्या दोन वाटा हौशी वर्तुळात रूढ आहेत. पहिली प्रवाहाची. आकाशकाच्या तळाशी प्रवाह मोजावयाचा, तारेच्या उंचीवरून व माथ्याच्या विस्तारावरून परिणामी उंची काढावयाची, तीवरून प्रारण-रोध, आणि प्रवाहाच्या वर्गाने त्याला गुणून शक्ती. दुसरी वाट क्षेत्रतीव्रतेची. प्रक्षेपकापासून काही अंतरावर जाऊन विद्युच्चुंबकीय क्षेत्र मोजावयाचे आणि ते उत्पन्न होण्यास किती शक्ती प्रारित झाली असली पाहिजे याचा उलट हिशेब करावयाचा. पहिली वाट घरबसल्या चालता येते म्हणून ती लोकप्रिय आहे. दुसरीला उन्हातान्हात हिंडावे लागते.

पहिल्या वाटेतील दोष प्रवाहमापनात नाही. तो परिणामी उंचीत आहे. सूत्रातील तार मोकळ्या, सपाट व उत्तम संवाहक मैदानात उभी असते. प्रत्यक्षातील तार झाडांच्या रांगेत, नळ व विजेच्या तारा अंगात बाळगणाऱ्या भिंतींच्या शेजारी, आणि पुष्कळदा लोखंडी डोलकाठीच्याच आधाराने उभी असते. रसाने भरलेले झाड उभ्या विद्युत्‌क्षेत्रात एखाद्या भूसंपर्कित वाहकासारखे वागते. तारेतील प्रवाहाच्या उलट दिशेचा प्रवाह त्यात वाहतो आणि बाहेर पडणाऱ्या क्षेत्राचा काही अंश तो खोडून काढतो. प्रारण-रोध हा परिणामी उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे उंचीत तीस टक्के घट झाली की शक्ती निम्म्यावर येते. भोवतालचे भूसंपर्कित पदार्थ बहुधा उंची घटवितातच, वाढवीत नाहीत. त्यामुळे कागदावरील आकडा प्रत्यक्षाहून सहसा जास्तच येतो. दोन्ही वाटा चालून पाहणाऱ्यांना मोजलेली शक्ती हिशेबातील शक्तीपेक्षा काही डेसिबलांनी कमी भरल्याचा अनुभव वारंवार येतो, त्याचे कारण हेच. या चुकीचा भुर्दंड पडतो तो नियम पाळणाऱ्या माणसाला. कागदावर १ वॅट झाला म्हणून तो प्रवाह वाढविण्याचे थांबवितो, आणि वर्षानुवर्षे मर्यादेच्या अर्ध्यावर किंवा तिसऱ्या हिश्श्यावर प्रक्षेपण करीत राहतो.

म्हणून क्षेत्रतीव्रतेची वाट तत्त्वतः श्रेष्ठ आहे, याविषयी वाद करण्याचे कारण नाही. झाड, भिंत, डोलकाठी या सर्वांचा परिणाम क्षेत्रात आधीच मिसळलेला असतो. मोजणाऱ्याला त्यांची दखल वेगळी घ्यावी लागत नाही. प्रश्न आहे तो ही वाट ज्या रीतीने चालली जाते तिचा. एका ठिकाणी एकदा उभे राहून घेतलेला एक आकडा, त्यावरून काढलेली दोन दशांश स्थळांपर्यंतची शक्ती, आणि ‘प्रत्यक्ष मोजली आहे’ या शब्दांनी तिला दिलेली प्रतिष्ठा, असे या प्रघाताचे सामान्य स्वरूप दिसते. मोजले जाते ते क्षेत्र. शक्ती मोजली जात नाही, ती अनुमानिली जाते. क्षेत्र आणि शक्ती यांच्या मध्ये गृहीतांची एक साखळी आहे, आणि तिची प्रत्येक कडी तपासल्यावाचून या प्रतिष्ठेचा हक्क पोहोचत नाही.

साखळीची पहिली कडी परिभाषेची आहे, आणि ती सर्वांत अकारण निर्माण झालेली आहे. परिपूर्ण संवाहक जमिनीवरील आखूड उभ्या आकाशकातून १ किलोवॅट शक्ती प्रारित झाली, तर १ किलोमीटर अंतरावर ३०० मिलिव्होल्ट प्रति मीटर इतके क्षेत्र मिळते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या भूतरंगविषयक आलेखांचा पायाही हाच आहे. १ वॅटला हा आकडा सुमारे ९.५ मिलिव्होल्ट प्रति मीटर होतो. मात्र रेडिओ-विनियमांच्या पहिल्या अनुच्छेदात तुल्य शक्तीच्या तीन व्याख्या एकाखाली एक दिलेल्या आहेत : समदिक् प्रारकाशी तुलना करणारी ईआयआरपी, अर्धतरंग द्विध्रुवाशी तुलना करणारी ईआरपी आणि आखूड उभ्या एकध्रुवाशी तुलना करणारी ईएमआरपी. १ किलोमीटरवर १ वॅट ईआयआरपीचे क्षेत्र ५.५, १ वॅट ईआरपीचे ७.०, तर १ वॅट ईएमआरपीचे ९.५ मिलिव्होल्ट प्रति मीटर असते. म्हणजे ५.५ मिलिव्होल्टांचे एकच मोजमाप वाचणाऱ्याच्या पसंतीप्रमाणे १ वॅट, ०.६१ वॅट किंवा ०.३३ वॅट ठरू शकते, आणि तिन्ही उत्तरे बरोबर असतात. दीर्घ तरंगांवर प्रत्येक आकाशक हा आखूड एकध्रुवच असतो. तेव्हा तेथे स्वाभाविक माप तिसरे. परिषदेने हौशी पट्ट्यांसाठी निवडले ते पहिले. ब्रिटिश परवान्यात १९९८ साली लिहिले गेले ते दुसरे. अवकाशात टांगलेला, जमिनीशी ज्याचा काही संबंध नाही असा काल्पनिक समदिक् प्रारक, ज्या तरंगांना जमिनीवाचून अस्तित्वच नाही त्यांचे माप म्हणून का निवडावा, याचे समाधानकारक उत्तर तांत्रिक नसून कचेरीतील सोयीचे असावे असे वाटते. परिणाम असा की, ‘१ वॅट’ एवढेच लिहून थांबणारा अहवाल ४.८ डेसिबलांपर्यंतची संदिग्धता जन्मतःच बरोबर घेऊन येतो. मोजमापाच्या इतर चुकांची गणती त्यानंतर सुरू होते.

दुसरी कडी अंतराची. प्रारित क्षेत्र अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटते, हा नियम आकाशकाच्या अगदी निकट लागू पडत नाही. तेथे प्रवर्तनाचे क्षेत्र प्रबळ असते. दोन्ही क्षेत्रे समान होण्याचे अंतर तरंगलांबीला २π ने भागून मिळते. १३७ किलोहर्ट्झला ते सुमारे ३५० मीटर आहे. तितक्या अंतरावर चौकट-आकाशकाने चुंबकीय क्षेत्र मोजून साधे सूत्र लावले, तर शक्ती दुप्पट दिसते. रस्त्याच्या टोकाशी जाऊन मोजणाऱ्याच्या पदरी नेमके हेच दान पडते. १ किलोमीटरवरही चूक शिल्लक असते, आणि तिचे स्वरूप उद्बोधक आहे. चौकटीने मोजलेली शक्ती तेथे सुमारे १२ टक्क्यांनी जास्त येते, तर उभ्या दांडीने विद्युत्‌क्षेत्र मोजले तर ती सुमारे ११ टक्क्यांनी कमी येते. दोन उपकरणे एकाच जागी, एकाच क्षणी, परस्परविरुद्ध सांगतात. आणि दोन्ही निर्दोष असतात. दोष असतो तो विद्युत् व चुंबकीय क्षेत्रांचे गुणोत्तर तेथे अवकाशातील मूल्याइतके असते या गृहीतात. २ किलोमीटरवर ही चूक तीन टक्क्यांवर येते आणि तीन किलोमीटरांपुढे ती विसरता येते.

मग जितके दूर जावे तितके बरे, असे म्हणावे तर जमीन आडवी येते. १३७ किलोहर्ट्झला तिचा उपद्रव अल्प आहे. प्रति मीटर ३ मिलिसीमेन संवाहकतेच्या मध्यम जमिनीवर १० किलोमीटर जाऊनही भूतरंग आदर्श मूल्यापेक्षा एखादा टक्काच क्षीण होतो. ४७५ किलोहर्ट्झला चित्र पालटते. त्याच जमिनीवर, त्याच अंतरावर, क्षेत्र आदर्शाच्या ८४ टक्क्यांच्या आसपास उरते आणि शक्तीचे अनुमान तीस टक्क्यांनी कमी येते. जमीन खडकाळ असून संवाहकता १ मिलिसीमेन असली तर क्षेत्र जवळपास निम्मे उरते आणि अनुमान खऱ्या शक्तीच्या तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली उतरते. दख्खनच्या कातळावर असे प्रयोग कोणी केले तर त्याला या सुधारणेवाचून एक पाऊलही टाकता येणार नाही. तेव्हा दोन्ही पट्ट्यांना एकच ‘सुरक्षित अंतर’ सांगणे चुकीचे होय. १३७ साठी तीन ते दहा किलोमीटरांची पट्टी प्रशस्त आहे. ४७५ ला निकट क्षेत्राचा प्रश्न शंभर मीटरांच्या आसपासच आटोपतो, म्हणून एक ते तीन किलोमीटरांतच मोजणे शहाणपणाचे. त्यापुढे जावयाचे तर संवाहकता ठाऊक असली पाहिजे, आणि ती ठाऊक करून घेण्याचा मार्ग म्हणजे पुन्हा क्षेत्रमापनच.

आता या परीक्षणातील मुख्य मुद्द्याकडे वळावयास हरकत नाही, तो म्हणजे जागेची निवड. दीर्घ तरंगांच्या दृष्टीने मनुष्यवस्तीचा प्रदेश म्हणजे एक विस्कटलेले जाळे असते. विजेच्या वाहिन्या, दूरध्वनीच्या तारा, लोहमार्ग, कुंपणे, जमिनीखालील नळ, पुलांचे सांगाडे या सर्वांत येणारा तरंग प्रवाह उत्पन्न करतो आणि ते प्रवाह आपापली दुय्यम क्षेत्रे भोवती पसरवितात. अशा वाहकाजवळ मोजलेले क्षेत्र मूळच्या क्षेत्राच्या दीडपट असू शकते किंवा अर्धेही. दीडपट क्षेत्र म्हणजे सव्वादोनपट शक्ती. अर्धे क्षेत्र म्हणजे पाव शक्ती. डोळ्यांना दिसणारी वाहिनी टाळता येते, परंतु रस्त्याखालून गेलेल्या केबलची कल्पना मोजणाऱ्याला येणार कशी?

याचे उत्तर उपकरणातच दडलेले आहे, आणि त्याचा उपयोग आश्चर्य वाटावे इतका कमी केला जातो. चौकट-आकाशक फिरवीत गेले असता त्याचे पृष्ठ प्रक्षेपकाच्या दिशेला काटकोनात येताच संकेत लोपतो. नकाशावरून प्रक्षेपकाची दिशा ठाऊक असतेच. लोप त्या दिशेला न येता दहा-पंधरा अंशांनी सरकला, किंवा तो पूर्ण न होता उथळ राहिला, तर त्या जागी दुय्यम क्षेत्र मिसळले आहे हे निश्चित समजावे आणि आकडा न टिपता पुढे जावे. या कसोटीला लागतो तो अर्धा मिनिट. ती लावली होती की नाही, याचा उल्लेखही नसलेल्या मोजमापाला शास्त्रीय पुरावा म्हणून फारशी किंमत देता येणार नाही. अर्थात ही कसोटी एकतर्फी आहे हेही नमूद केले पाहिजे. दुय्यम क्षेत्राची दिशा मूळ क्षेत्राच्या दिशेशी जुळली, तर लोप जागच्या जागी राहूनही तीव्रता चुकीची येऊ शकते.

म्हणूनच दुसऱ्या कसोटीची गरज पडते, ती क्षेत्र आणि अंतर यांच्या गुणाकाराची. निकट क्षेत्र ओलांडल्यावर आणि जमिनीचा परिणाम नगण्य असेपर्यंत हा गुणाकार एका दिशेने स्थिर राहिला पाहिजे. समजा, १३७ किलोहर्ट्झच्या एका प्रक्षेपणाचे क्षेत्र ३ किलोमीटरवर १.२, ५ किलोमीटरवर ०.७४ आणि ८ किलोमीटरवर ०.३१ मिलिव्होल्ट प्रति मीटर भरले. गुणाकार अनुक्रमे ३.६, ३.७ आणि २.५ येतात. पहिल्या दोहोंवरून ईआयआरपी ०.४३ व ०.४६ वॅट ठरते, तर तिसऱ्यावरून ०.२१ वॅट. तिन्हींची सरासरी काढून ०.३७ वॅट असे जाहीर करणे हा येथे सर्वांत वाईट मार्ग होय, आणि तोच पुष्कळदा चोखाळला जातो. तीन आकड्यांपैकी दोन एका तऱ्हेने बोलत आहेत आणि तिसरा काही वेगळेच सांगतो आहे. तेव्हा तिसऱ्या जागी परत जाऊन शंभर-दोनशे मीटर इकडेतिकडे सरकून पाहणे आवश्यक आहे. सरासरीने चूक विरघळत नाही, ती केवळ वाटून घेतली जाते. ज्याने केवळ ८ किलोमीटरवर एकदाच मोजले असते त्याला आपली शक्ती निम्म्याहून कमी दिसली असती, आणि आपण चुकलो हे कळण्याचा कोणताही मार्ग त्याच्यापाशी नसता. आकड्यांची संख्या वाढवावयाची ती नेमकेपणाच्या हौसेने नव्हे, तर विसंगती उघडी पडावी म्हणून. निरनिराळ्या दिशांना मोजण्याचे प्रयोजनही तेच आहे. आखूड उभे आकाशक सर्व दिशांना सारखे प्रारण करते हे पुस्तकी सत्य असले, तरी शेजारच्या लोखंडी सांगाड्याला ते मान्य असतेच असे नाही.

उपकरणाविषयी थोडक्यात लिहिले तरी पुरे. १ चौरस मीटर क्षेत्रफळाच्या, दहा वेढ्यांच्या चौकटीत १ मिलिव्होल्ट प्रति मीटर क्षेत्रामुळे १३७ किलोहर्ट्झला सुमारे २९ मायक्रोव्होल्ट दाब प्रेरित होतो. हा हिशेब केवळ भूमितीवर अवलंबून असल्याने त्यात वादाला जागा नाही. परंतु चौकट संस्वनित केली की दाब गुणवत्तांकाच्या पटीने वाढतो, आणि गुणवत्तांक दहा टक्क्यांनी चुकला की शक्ती वीस टक्क्यांनी चुकते. त्यामुळे संस्वनित न केलेली चौकट आणि दूरध्वनी खात्यांच्या जुन्या सामानातून मिळणारा सिलेक्टिव्ह लेव्हल मीटर ही जोडी, संवेदनशीलता कमी असूनही, अधिक विश्वासार्ह ठरते. ग्राहकयंत्रावरील ‘एस’ मापकाच्या आधारे केलेल्या अनुमानांची चर्चा करण्याचे प्रयोजन नाही. उत्तम अंशशोधन, निवडक जागा आणि पुरेसे बिंदू हे सर्व साधूनही एक-दोन डेसिबलांच्या आत उत्तर मिळाले तर ते काम चांगले झाले म्हणावे. एक डेसिबल म्हणजे शक्तीत सव्वीस टक्के, मग ‘०.८७ वॅट’ यातील सात कोठून आला?

याहून गंभीर आक्षेप घ्यावा लागतो तो दूरच्या संकेतांवरून शक्ती काढण्याच्या पद्धतीवर. जोसेफ टेलर यांनी २००८ साली प्रचारात आणलेल्या विस्पर या प्रणालीत प्रक्षेपक आपले नाव, स्थान आणि शक्ती प्रसृत करतो, आणि दूरची ग्राहक-केंद्रे २,५०० हर्ट्झ पट्टारुंदीच्या मानाने संकेत व गोंगाट यांचे गुणोत्तर आपोआप नोंदवितात. अशा नोंदी प्रचंड संख्येने उपलब्ध असतात, आणि त्यामुळेच मोह पडतो. एका केंद्राने दोन प्रक्षेपकांचे संकेत सारख्याच गुणोत्तराने ऐकले, एकाची शक्ती ठाऊक आहे, म्हणून दुसऱ्याचीही तितकीच, असा तो युक्तिवाद आहे. वस्तुतः गुणोत्तरात संकेत वर असतो तसा गोंगाट खाली असतो, आणि दीर्घ तरंगांवर तो शेजारच्या घरातील विजेच्या उपकरणांपासून विषुववृत्तावरील वादळांपर्यंत कोठूनही येतो. दोन्ही प्रक्षेपक एकाच परिसरात असून एकाच तासात ऐकले गेले, तर तुलनेला काही अर्थ राहतो. ते निरनिराळ्या दिशांना असले, तर रात्री आयनांबराकडून येणारा तरंग एका मार्गावर दहा डेसिबलांनी उंचावलेला आणि दुसऱ्यावर तितकाच खचलेला असू शकतो.

येथे एका जुन्या प्रयोगाची आठवण उपयुक्त ठरेल. १९०९ व १९१० साली अमेरिकन नौदलासाठी लुइस ऑस्टिन यांनी मॅसॅच्यूसेट्समधील ब्रँट रॉक येथील केंद्र आणि ‘बर्मिंगहॅम’ व ‘सेलम’ ही दोन जहाजे यांच्या साहाय्याने समुद्रावरून येणाऱ्या संकेतांचे मापन केले, आणि लुइस कोहेन यांच्या सहकार्याने दिवसाच्या प्रसारणाचे एक अनुभवसिद्ध सूत्र मांडले. त्यातील क्षयाचा स्थिरांक ०.००१५ होय, अंतर व तरंगलांबी किलोमीटरांत घेऊन, अंतराला तरंगलांबीच्या वर्गमुळाने भागावयाचे आणि या स्थिरांकाने गुणावयाचे. १३७ किलोहर्ट्झला १,००० किलोमीटरवर हे सूत्र क्षेत्राचा सुमारे ३६ टक्के अंश उरतो असे सांगते. तो काळ मीटर-अँपिअरांचा होता. आकाशकाची परिणामी उंची आणि तळाचा प्रवाह यांचा गुणाकार हीच केंद्राची ताकद मानली जाई. वर घेतलेल्या उदाहरणातील हौशी केंद्र या मापाने ३२ मीटर-अँपिअरांचे ठरते. ऑस्टिन यांच्या कामाचे मर्म हे की, प्रेषित मीटर-अँपिअर त्यांनी स्वतंत्रपणे ठरविले, गृहीत धरलेली राशी वातावरणातील क्षय ही नव्हती. ती शोधावयाची होती. आजच्या हौशी अनुमानात समीकरण उलटे फिरविले जाते : क्षय सूत्रावरून घ्यावयाचा आणि मीटर-अँपिअर काढावयाचे. तेही चालेल, जर तो क्षय दुसऱ्या कोणी दुसऱ्या मार्गाने शोधलेला असेल. परंतु तीच शक्ती पुढे अहवालात घालून तीवरून प्रसारणाविषयी निष्कर्ष काढले जातात तेव्हा एकच समीकरण दोनदा खर्च केलेले असते. एका समीकरणातून दोन अज्ञाते सुटत नाहीत, हे शाळेतील मुलालाही ठाऊक असते. असे असूनही हौशी निरीक्षणांच्या आधारे आयनांबराच्या खालच्या थरांविषयी विधाने करणाऱ्यांनी, त्या निरीक्षणांतील ‘प्रारित शक्ती’ हा रकाना कशावरून भरला होता, अशी विचारणा केल्याचे क्वचितच आढळते. तो रकाना जवळच्या क्षेत्रमापनाने भरलेला असेल तर निरीक्षण अमोल आहे. दूरच्या ग्रहणावरून भरलेला असेल, तर निष्कर्ष आधीच त्यात शिरलेला असतो आणि नंतर तोच बाहेर काढला जातो.

या पद्धतीचा एक न्याय्य उपयोग मात्र मान्य केला पाहिजे, तो म्हणजे सापेक्ष तुलना. एकाच जागी चौकट कायम ठेवून, दिवसाच्या ठराविक वेळी, काही किलोमीटरांवरच्या एकाच प्रक्षेपकाचे क्षेत्र आठवडेच्या आठवडे टिपले, तर निरपेक्ष अंशशोधनाची गरजच उरत नाही. माथ्याची तार वाढविल्याने किती फायदा झाला, पावसानंतर भिजलेली झाडे किती हिसकावून घेतात, भूसंपर्काच्या तारा दुप्पट केल्याने तोच प्रवाह किती कमी शक्तीत मिळतो, या प्रश्नांना अर्ध्या डेसिबलाच्या नेमकेपणाने उत्तरे मिळू शकतात. हौशी प्रयोगशीलतेचे खरे बळ अशा कामात आहे. पण त्यात मर्यादा गाठल्याची घोषणा करता येत नसल्यामुळे ते लिहून प्रसिद्ध करण्याचा उत्साह कमी दिसतो.

नियम करणाऱ्यांनाही या अनुमानावर पुरता भरवसा नसावा असे मानण्यास जागा आहे. अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने २०१७ साली हे दोन पट्टे खुले केले, तेव्हा १३६ किलोहर्ट्झला १ वॅट ईआयआरपीच्या जोडीला प्रक्षेपकाच्या शक्तीवरही १,५०० वॅटांची मर्यादा घातली. ४७२ किलोहर्ट्झला बहुतेक प्रदेशात ५ वॅट ईआयआरपी व ५०० वॅट अशी जोडी ठेवली. शिवाय आकाशकाची उंची ६० मीटरांपुढे नेण्यास मनाई केली, आणि वाहक-संकेत वाहणाऱ्या वीजवाहिन्यांपासून १ किलोमीटर दूर राहण्याची अट घातली. पहिली मर्यादा अनुमानाची, बाकीच्या फीत आणि मापक यांनी तपासता येण्याजोग्या. लहान अंगणातील ५ मीटर परिणामी उंचीच्या तारेला १ वॅट ईआयआरपीसाठी ६.४ अँपिअर लागतात. ५० ओहम हानि-रोधातून ते वाहविण्यास २,००० वॅट लागतील, आणि म्हणून तेथे १,५०० वॅटांची दुसरी मर्यादाच आधी आड येते. अशा प्रक्षेपकाला कायद्याच्या दृष्टीने क्षेत्रतीव्रता मोजण्याचे काहीच कारण राहत नाही. तरीही तो चौकट घेऊन बाहेर पडला, लोपाची दिशा तपासून पाच-सात जागी थांबला आणि प्रत्येक जागेचे अंतर, क्षेत्र व गुणाकार, टाकून दिलेल्या जागांसह, अहवालात नोंदविता झाला, तर त्याच्या प्रक्षेपणाच्या हजार किलोमीटरांवरील नोंदी इतर कोणाच्याही नोंदींपेक्षा प्रसारणाच्या अभ्यासकाला अधिक उपयोगी पडतील.